डोंगरातला बसप्रवास: जागा कुठली घ्यावी, गाडी लागू नये म्हणून काय करावं, आणि उताराची भीती

हिरवी_पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन टूरिस्ट बसने सात दिवस डोंगराळ भागात जायचं ठरलं आहे. ठिकाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा मुक्कामाच्या जागांकडे आणि बघायच्या स्थळांकडे वळते. मला फक्त प्रवासाबद्दल विचारायचं आहे.

रस्ता जवळजवळ सगळा वळणांचा. दोन खिंडी ओलांडायच्या आहेत, त्यातली मोठी साधारण ३,६०० मीटरवर. बस चाळीसेक आसनांची. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांना लहानपणापासून गाडी लागते. आईला गाडी लागत नाही, पण उतार सुरू झाला की ती डोळे मिटते आणि शेजारच्याचा हात घट्ट धरून बसते. मागच्या वेळी दोन तास तिने बाहेर पाहिलंच नाही. मला ते फार लागलं. एवढ्या लांब जाऊन माझ्या आईने डोळे मिटून बसायचं?

तर बसमध्ये कुठली जागा घ्यावी, बाबांसाठी काय करावं, उंचीचा त्रास होईल का, आणि मुळात एवढी मोठी बस अशा रस्त्यावर सुरक्षित असते का, हे अनुभवी लोकांनी सांगावं. जेवढं सविस्तर लिहाल तेवढं बरं.

---

खिडकीशेजारी

जागेचं मी सांगतो, कारण या एका बाबतीत मी बरेच प्रयोग केले आहेत.

बाबांना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा घ्या. चाळीस आसनांच्या बसमध्ये तिसऱ्या रांगेपासून सहाव्या रांगेपर्यंत. बसचा मागचा भाग मागच्या चाकांच्या पुष्कळ बाहेर आलेला असतो. त्यामुळे खड्डा आला की तिथला माणूस उडतो, आणि वळणावर ते शेपूट बाहेरच्या बाजूला झोकांडी खातं. शेवटची रांग मोकळी मिळाली तरी घेऊ नका.

पहिल्या रांगेतून रस्ता समोर दिसतो, म्हणून गाडी लागणाऱ्यांना ती मानवते असं बरेच जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण आईंना तिथे बसवू नका. त्या जागेवरून दरी अंगावर येते.

दरीची बाजू कुठली हे आधी ठरवता येत नाही, कारण खिंड ओलांडली की बाजू बदलते आणि नागमोडी वळणांवर तर दर मिनिटाला बदलते. आमच्या गटात रोज सकाळी सगळे दोन रांगा पुढे सरकायचे आणि बाजू बदलायचे, गाडी लागणाऱ्या दोघांच्या जागा सोडून. सात दिवसांत जागेवरून एकही भांडण झालं नाही.

---

एकटा_जीव

माझं मत वेगळं आहे. वडील ७४ वर्षांचे असताना बस घेऊच नये. छोटी गाडी करा. हवं तिथे थांबता येतं, अरुंद रस्त्यावर समोरून वाहन आलं तर चटकन बाजूला घेता येते. बसमध्ये चाळीस जणांच्या वेळापत्रकाला आपण बांधले जातो. आणि खरं सांगायचं तर एका वळणावर बसचं पुढचं टोक दरीवर लोंबकळताना मी आतून पाहिलं आहे, तेव्हापासून मी डोंगरात बसमध्ये बसत नाही.

---

उतारावरचा_गिअर

मी ३१ वर्षं बस चालवली, त्यातली बावीस डोंगरातल्या मार्गांवर. आता निवृत्त आहे. मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितो आहे. टायपिंगची सवय नाही, चुका समजून घ्या.

आधी एकटा_जीव यांनी जे पाहिलं त्याबद्दल. बसचं पुढचं टोक दरीवर गेलेलं त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. पण चाकं दरीवर नव्हती. मोठ्या बसला पुढची चाकं ड्रायव्हरच्या मागे असतात. चाकांच्या पुढे बसचा दोन-अडीच मीटर भाग असतो. तीव्र वळणावर आम्हाला गाडी मुद्दाम सरळ पुढे न्यावी लागते आणि चाक अगदी काठाशी आल्यावर वळवावी लागते. लवकर वळवली तर मागची आतली चाकं डोंगराकडच्या गटारात जातात किंवा पाठीमागची बाजू दगडाला घासते, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून येतात. पहिल्या रांगेतल्या माणसाला त्या क्षणी पायाखाली रस्ता दिसत नाही आणि त्याला वाटतं आपण गेलो. रस्ता त्याच्या मागे असतो. ताई, आईंना हे आधी नीट समजावून सांगा. काय चाललंय ते कळलं की निम्मी भीती जाते.

आता सुरक्षिततेचं. डोंगरात लोक चढाला घाबरतात आणि उतार आला की निवांत होतात. आमच्या धंद्यात उलटं आहे. चढावर गाडी फार तर बंद पडेल. उतार माणसाची परीक्षा घेतो.

आम्हाला जुन्या लोकांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं: जो गिअर चढायला लागला असता, तोच उतरायला. तिसऱ्यात चढणारा चढ असेल तर तिसऱ्यातच उतरायचं, दुसऱ्याचा असेल तर दुसऱ्यातच. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. गाडीने वेग घेतल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर इंजिनाची पकड पूर्ण सुटते. मग सगळा भार ब्रेकवर.

डिझेल इंजिन नुसतं पाय काढल्याने फारसं रोखत नाही, म्हणून मोठ्या गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक असतो. धूर बाहेर जायची वाट एका झडपेने अडवली जाते आणि इंजिनच गाडीला मागे ओढतं. उतारावर मधूनच घुमल्यासारखा जड आवाज येतो तो त्याचा. काही बसना रिटार्डर असतो, तो घर्षण न होऊ देता गाडी रोखतो. पायाचा ब्रेक शेवटी, थोडा वेळ दाबायचा, वेग कमी करायचा आणि सोडायचा. सतत पाय ठेवून उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मी स्वतः बसणार नाही.

म्हणजे उतारावर इंजिनाचा आवाज मोठा येत असेल तर घाबरू नका. तो आवाज गाडी ताब्यात असल्याचा आहे. उतारावर बस अगदी शांत, वाऱ्यासारखी जायला लागली तर मात्र विचारा, काय चाललंय म्हणून.

---

प्रमेय

काकांच्या प्रतिसादाला एक छोटं गणित जोडतो.

प्रवाशांसकट बस १५ टन धरा. ती १,००० मीटर खाली उतरली की सुमारे १४७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. बस खाली पोचल्यावर तिचा वेग वरच्याइतकाच असेल तर ही सगळी ऊर्जा उष्णता झालेली असते. या उष्णतेत साधारण ४४० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल. उतरायला एक तास लागला असं धरलं तर दीड किलोवॉटच्या सत्तावीस इस्त्र्या तासभर चालू ठेवल्यासारखं आहे. हवा आणि टायर थोडा वाटा उचलतात. राहिलेली उष्णता एक तर इंजिनाच्या वाटे बाहेर जाईल किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, साठेल.

ड्रम तापला की फुगतो, त्यामुळे लायनरला (ड्रमला आतून घासून गाडी रोखणाऱ्या पट्टीला) त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर लागतं. लायनरची घर्षणाची ताकदही तापल्यावर घटते. पेडल दाबूनही गाडी थांबत नाही ती याच कारणाने. अशा वेळी प्रत्येक सुटा भाग धड असू शकतो, नुसत्या उष्णतेने ब्रेक हरतात.

आणि वळणाबद्दल: बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० ऐवजी ३० ने वळण घेतलं तर वेग दीडपट, पण जोर सव्वादोनपट. बाबांच्या पोटाला कळतो तो हा सव्वादोनपट.

---

नाडी

मी डॉक्टर आहे. गाडी लागणं आणि उंची लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बसप्रवासात लोक त्यांची गल्लत करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी का लागते? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण डावी-उजवीकडे हलतो आहोत. डोळे पुढच्या आसनाच्या पाठीवर किंवा मोबाइलवर असतात आणि सांगतात की आपण स्थिर आहोत. या विसंगतीतून मळमळ येते. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं आणि शरीर तयार असतं. बाबांना वळण आधी दिसलं पाहिजे. खिडकीतून जवळची झाडं पाहू नका म्हणावं, लांबची डोंगररांग पाहावी. डोकं आसनाला टेकवून ठेवावं. मोबाइल आणि वाचन पूर्ण बंद. लांबचं काही दिसतच नसेल, धुकं असेल, तर डोळे मिटून पडणं चांगलं. पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको.

मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन ही औषधं उपयोगी पडतात, पण निघण्याआधी अर्धा ते एक तास घेतली तर. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. आता महत्त्वाचं. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. वयस्क माणसाला काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकण्यापर्यंत किंवा डोळ्याचा दाब वाढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच द्या आणि प्रवासाआधी घरी एकदा देऊन पाहा.

आता उंची. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब घटतो. ३,६०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. ५,५०० मीटरवर जवळपास निम्मा. त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. चालत जाणारा माणूस दोन-तीन दिवसांत चढतो तेवढं बस एका सकाळी चढते, म्हणून बसच्या प्रवाशाने जास्त जपायला हवं. खिंड ओलांडून तासाभरात खाली आलात तर सहसा काही होत नाही. प्रश्न असतो तो रात्री झोपण्याच्या उंचीचा. ३,००० मीटरच्या वर दर रात्री झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. तुमच्या मुक्कामांची उंची आयोजकांकडून आधीच मागून घ्या.

ओळखायचं कसं? गाडी लागली असेल तर बस थांबून माणूस उतरला की थोड्या वेळात बरं वाटतं. उंचीची डोकेदुखी बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होते, रात्री वाढते, झोप लागत नाही. बसून असतानाही धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच खाली उतरवा.

---

हिरवी_पायवाट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काकांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती दोनदा म्हणाली, "रस्ता त्याच्या मागे असतो." मुक्कामांच्या उंचीसाठी आजच फोन करते.

अजून एक विचारायचं राहिलं, जरा संकोच वाटतोय. बसमध्ये स्वच्छतागृह नाही. आई प्रवासात पाणीच पीत नाही, मध्ये थांबावं लागू नये म्हणून. यावर काय करावं?

---

दगडफूल

संकोच करू नकोस गं. या विषयावर बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि तहानलेल्या राहतात. वरती हवा कोरडी, श्वास जलद, शरीरातलं पाणी आपोआप कमी होत असतं. त्यात पाणी न पिणं म्हणजे डोकेदुखीला स्वतःहून बोलावणं. माझ्या आत्याला असाच त्रास झाला आणि सगळ्यांना वाटलं उंची लागली. दोन-तीन तास पाणी प्यायल्यावर उतरलं.

आम्ही एक केलं. पहिल्या सकाळी बस निघायच्या आधी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या गटात वयस्क माणसं आहेत, दर दीड-दोन तासांनी थांबायचं, कुणीही मागितलं तर थांबायचं, आणि त्यावर कुणी तोंड वाकडं करायचं नाही. मोठ्याने सांगून टाकलं की प्रत्येकीला वेगळं मागावं लागत नाही.

---

उतारावरचा_गिअर

दगडफूल ताईंनी बरोबर सांगितलं. फक्त ड्रायव्हरच्या बाजूने एक विनंती. आम्हाला "आत्ता थांबवा" म्हणू नका, अर्धा तास आधी सांगा. डोंगरात बस कुठेही उभी करता येत नाही. सपाट जागा लागते, रस्ता रुंद लागतो, मागून येणाऱ्याला बस लांबून दिसली पाहिजे आणि वरून दगड येण्यासारखा कडा नको. अशा जागा आमच्या डोक्यात असतात. अर्धा तास आधी कळलं की आम्ही त्या हिशोबाने चालवतो.

वांतीचंही तसंच. बाबांना कसंतरी व्हायला लागलं की लगेच सांगा, शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवू नका. पिशवी हाताशी असू द्या, डोक्यावरच्या सामानात नको. आणि वळणावर उठून पुढे चालत येऊ नका. चालत्या बसमध्ये पडून हात मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. पट्टा असेल तर तो सगळ्यांनी लावायचा.

---

नकाशावाला

डोंगरातल्या रस्त्यांचे नियम माझ्या आवडीचा विषय. धाग्याशी संबंध आहे म्हणून लिहितो.

अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्यावर कुणी थांबायचं? १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारात हे लिहिलेलं आहे. उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. मागे घ्यायची वेळ आली तर हलक्या वाहनाने जडाला आणि मालट्रकने बसला मान द्यायचा. यामागे साधा विचार आहे: चढावर थांबलेल्या जड गाडीला पुन्हा हलवणं कठीण असतं.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या टपाल मार्गांवर, म्हणजे टपाल खात्याच्या बस जातात त्या रस्त्यांवर, निळ्या पाटीवर पिवळं टपालशिंग काढलेलं असतं. अशा रस्त्यावर कुणी कसं सरकायचं, कुणी मागे घ्यायचं हे बसचा ड्रायव्हर सांगतो आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. आंधळ्या वळणाआधी तो तीन सुरांचा भोंगा वाजवतो. एका अर्थी रस्ताच त्या ड्रायव्हरच्या स्वाधीन केलेला असतो, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बोलिव्हियात वाहनं उजवीकडून चालतात, पण ला पाझहून कोरोइकोला जाणाऱ्या जुन्या युंगास रस्त्यावर डावीकडून चालवायचा नियम आहे. ड्रायव्हर गाडीत डावीकडे बसतो. उतरताना तो दरीच्या बाजूला आला की खिडकीतून मान काढून त्याला बाहेरचं चाक काठापासून किती लांब आहे ते दिसतं.

अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला डोंगररस्ता १९३३ मध्ये पूर्ण खुला झाला. तो २,०२६ मीटरवरच्या लोगन खिंडीतून जातो. तिथे त्याच दशकातल्या लाल बस अजून प्रवासी नेतात. त्यांच्या ड्रायव्हरांना 'जॅमर' म्हणतात, कारण जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर ठोकून बसवतानाचा आवाज दूरवर ऐकू यायचा. उतारावरचा_गिअर काका, जगाच्या दुसऱ्या टोकालाही ड्रायव्हरची ओळख गिअरवरूनच आहे.

एकटा_जीव, इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानी या अभियंत्याने बांधला. खिंड २,७५७ मीटरवर आहे आणि एका बाजूने ४८ तीव्र वळणं आहेत, प्रत्येकाला क्रमांक दिलेला. ज्यांना उताराची भीती वाटते त्यांच्यासाठी हे क्रमांक चांगले. किती राहिली ते कळतं.

---

मागचं_बाकडं

बरेच दिवस हे कुठेतरी लिहायचं होतं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी मिळून बस केली होती. सकाळी आमच्यामुळेच दीड तास उशीर झाला. दुपारी खिंडीवर पुन्हा रेंगाळलो. खाली एका तलावावर सूर्यास्त बघायचा होता. उतार सुरू झाल्यावर ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरत होता आणि आम्ही मागून ओरडायला लागलो. "जरा दाबा की", "सायकलवाले पुढे चालले." मी पुढे जाऊन त्यांच्या खांद्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, सूर्य बुडाला तर आमच्या येण्याचा उपयोग काय? ते काही बोलले नाहीत. गिअर बदलला. बस पळायला लागली आणि मागे टाळ्या वाजल्या.

दहा-बारा मिनिटांनी जळका वास आला. आधी वाटलं बाहेरून येतोय. मग ड्रायव्हरचा पाय दोनदा खोल गेलेला मला दिसला. त्यांनी कसाबसा गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं. पुढे डोंगराच्या बाजूला चढता असा जुन्या रस्त्याचा एक तुकडा होता, त्यावर त्यांनी बस घातली आणि ती चढाने थांबली. खाली उतरलो तर मागच्या चाकांतून धूर येत होता. आमच्यातला एक जण पाण्याचा कॅन घेऊन धावला, क्लीनरने त्याचा हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं तर त्याला तडा जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दोन तास तिथे बसलो. कुणी बोलत नव्हतं. ड्रायव्हर दगडावर बसले होते, हात थरथरत होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "चूक माझी. तुमचं ऐकायला नको होतं." मला ते आजही पटत नाही. रोज नव्या चाळीस माणसांच्या तक्रारी ज्याच्या पाठीवर असतात, त्याने दर वेळी ठाम राहावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो? चाळिसातल्या एकाने तरी त्यांच्या बाजूने बोलायला हवं होतं. मी तो असू शकलो असतो.

---

दगडफूल

वाचून अंगावर काटा आला. लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

---

एकटा_जीव

मागचं_बाकडं, तुमचा अनुभव आणि काकांचं लिहिणं दोन्ही पुन्हा वाचलं. माझा आक्षेप बसवर होता. आता वाटतं तो घाईवर असायला हवा. छोट्या गाडीतही मी ड्रायव्हरला असंच बोललो आहे.

एक शंका: रात्रीचा प्रवास केला तर दिवस वाचतो आणि समोरच्या गाडीचे दिवे वळणाआधीच दिसतात. मग रात्र बरी नाही का?

---

उतारावरचा_गिअर

दिव्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे. आंधळ्या वळणावर रात्री समोरचं वाहन आधी कळतं, हे आम्हीही मानायचो. पण रस्त्यावर पडलेला दगड, खचलेली कड, बंद पडून बिनदिव्याचं उभं असलेलं वाहन, हे रात्री कळत नाही. आणि पहाटे तीन ते पाच माणसाचा डोळा लागतो, कितीही कसलेला असो. मी रात्री चालवली आहे, नाइलाजाने. माझ्या घरच्यांना मी रात्रीच्या बसमध्ये बसवत नाही.

पहाटे लवकर निघा, उजाडता उजाडता. जिथे बर्फाचं पाणी रस्ता ओलांडून वाहतं तिथे सकाळी ओढा घोट्याइतका असतो. दिवसभर उन्हाने बर्फ वितळून दुपारी तोच गुडघ्याच्या वर जातो. दुपारी ढगही चढतात. आणि कार्यक्रमात अंतर बघू नका, तास बघा. डोंगरात ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडले तर चांगलं चाललंय समजा. नकाशावर २०० किलोमीटर दिसले की सात-आठ तास झाले.

---

नकाशावाला

काकांच्या मुद्द्याला जोडून: युरोपीय संघात बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला ९ तासांच्या वर चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदा १० तासांची मुभा. गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रात ते नोंदलं जातं. तुमच्या आयोजकाने दिलेल्या कार्यक्रमाला हीच फूटपट्टी लावून पाहा. एका दिवसात ११ तास चालवणं दिसलं तर दुसरा ड्रायव्हर आहे का ते विचारा.

---

हिरवी_पायवाट

मंडळी, काल परत आलो. लगेच लिहिते आहे, सगळं ताजं असताना.

निघण्याआधी आयोजकांशी बोलले. चौथ्या दिवशी ११ तासांचा प्रवास होता, तो त्यांनी दोन दिवसांत विभागला. एक स्थळ कमी झालं. त्यावर दोन कुटुंबं नाराज होती, ती शेवटपर्यंत थोडी नाराजच राहिली. मुक्काम सगळे २,६०० मीटरच्या खाली मिळाले.

पहिल्या सकाळी मी बसमध्ये उभी राहिले. पाय कापत होते. थांब्यांबद्दल सांगितलं, आणि मागचं_बाकडं यांचा अनुभव त्यांचं टोपणनावही न घेता सांगितला. ड्रायव्हर आरशातून बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. त्यानंतर सात दिवसांत एकदाही कुणी "लवकर चला" म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी धुक्यात बस पायी चालण्याच्या वेगाने चालली होती, दीड तास, आणि आतली मुलं गाणी म्हणत होती.

बाबा चौथ्या रांगेत. गोळी घरी देऊन पाहिली होती, फार झोप आली, म्हणून डॉक्टरांनी अर्धी करून दिली. दोनदा मळमळलं, एकदा उलटी झाली. तेवढंच. मोठ्या खिंडीवर ते खाली उतरले, टोपी काढून वाऱ्यात उभे राहिले. पाच मिनिटांत डोकं जड झालं म्हणून परत आत आले, आणि तरी पुढे तासभर त्याच पाच मिनिटांबद्दल बोलत होते.

आईचं सांगायचं राहिलं. पहिल्या उतारावर तिने माझा हात धरलाच. डोळे मात्र मिटले नाहीत. ती ऐकत होती. तुम्ही लिहिलं होतं ना काका, आवाज मोठा असेल तर गाडी ताब्यात आहे. ती प्रत्येक वळणाआधी मला सांगायची, "आता तो घुमणारा आवाज येईल बघ." आणि यायचा. पाचव्या दिवशी मी मागे वळून पाहिलं तर ती खिडकीला कपाळ टेकवून खाली दरीत नदी कुठे आहे ते शोधत होती.

---

उतारावरचा_गिअर

ताई, फार समाधान वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

मोठ्या खिंडीवरून परत येताना शेवटचा उतार असतो, पल्ला संपत आला म्हणून तिथे पुष्कळ जण सैल सोडतात. तुमच्या ड्रायव्हरने कुठला गिअर ठेवला होता?

---

हिरवी_पायवाट

आईला विचारलं. ती म्हणते, दुसरा. शेवटच्या पुलापर्यंत दुसराच.